पोट मोकळं झाल्याचे पेढे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. म्हणाले, "सिस्टर, दिवाळी अंकासाठी रुग्णसेवेतलं काहीतरी हृदयस्पर्शी लिहून द्या." मी म्हटलं, देते, पण माझी सगळी नोकरी पोटाच्या वॉर्डात गेली, हृदयापर्यंत चढायला मला कधी सवडच मिळाली नाही. ते मोठ्यानं हसले. मला तेव्हाच शंका आली की यांना नीट कळलेलं नाही. आता मजकूर हातात पडला की कळेल. वाचणाऱ्यांना एकच विनंती, फराळाचं ताट जरा बाजूला ठेवा.

सुरतेतल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात मी सर्जरीच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते, नुकतीच निवृत्त झाले. माहेर अमळनेरकडचं, पण वाढले इथेच लिंबायतमध्ये, आणि सासर नवागामचं. दवाखान्यात मी ‘सुमनबेन’. माझं काम काय, असं कुणी विचारलं तर घरचे लोक म्हणायचे, पेशंटची सेवा. खरं सांगायचं तर मी लोकांना पादलात का म्हणून विचारायचे. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक खाटेपाशी उभं राहून, चेहऱ्यावरची माशी हलू न देता. गुजराती शेठला "वाछूट थई?" हिंदीवाल्याला "गॅस पास हुआ?" शाळेच्या मास्तरांना "वारा सरला का?" आमच्या खान्देशी माणसाला अहिराणीतून काय विचारायचे ते इथे छापता येणार नाही, पण उत्तर सगळ्यात लवकर तिथेच मिळायचं. माझे यजमान लग्नकार्यात मला बजावून ठेवायचे की जुना पेशंट भेटला तर आधी नमस्कार कर, मग बाकीचं विचार.

हसू नका. पोट उघडून ऑपरेशन झालं की आतडी रुसून बसतात. हालत नाहीत, काही पुढे ढकलत नाहीत. तोवर पेशंटला पाण्याचा घोट नाही, चहा तर लांबच. दोन-चार दिवसांनी आतडी रुसवा सोडतात आणि त्याची पहिली खबर म्हणजे हवा. ती सरली की वॉर्डात नुसता आनंदीआनंद. बायको देवाला हात जोडते, मुलगा गावाकडे फोन लावतो, आणि एरवी ज्या गोष्टीला माणसं नाक मुरडतात तिचं अभिनंदन होतं. मोठमोठे कापडवाले शेठ मला हात धरून सांगायचे, "बेन, थई गई." डोळ्यांत पाणी असायचं.

यात लबाडी करणारेही असायचे. पर्वत पाटियाकडचा एक साडीचा दलाल होता, बोलण्यात असा गोड की नर्सिंगच्या पोरी त्याला भाऊ म्हणायच्या. पित्ताशयाचं मोठं ऑपरेशन झालेलं. चहावाचून त्याचा जीव कासावीस. दुसऱ्याच दिवशी मला सांगतो, "सिस्टर, हो गया, एकदम क्लियर." मी त्याच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला. आत सामसूम. एवढीशी कुरकुरसुद्धा नाही. मी म्हटलं, शेठ, माल अजून गोदामातच आहे, तुम्ही बिल आधी फाडताय. तो काही वरमला नाही. मेहुण्याकरवी बाहेरून चहा मागवून प्यायला आणि तासाभरात तो सगळा चहा आपल्याच सिल्कच्या सदऱ्यावर परत केला. तेव्हापासून मी पेशंटच्या तोंडावर विश्वास ठेवणं सोडलं. पोटावर ठेवते.

पण एक ऑपरेशन असं आहे की त्यानंतर ही खुशखबर फार लवकर आली तर मी आधी डॉक्टरांना फोन लावायचे. ते आधी समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते, तिला महाधमनी म्हणतात. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांची, रक्तदाबवाल्यांची ही वाहिनी कधी कधी मध्येच फुगते. फुगा फुटला तर माणूस दवाखान्यात पोहोचेलच असं नाही. म्हणून फुटायच्या आत तेवढा भाग उघडून तिथे कृत्रिम नळी बसवतात. हल्ली पुष्कळांना जांघेतून आत तार घालून काम भागतं, पण सगळ्यांच्या फुग्याचा आकार तसा सोयीचा नसतो, मग पोट उघडावं लागतं. आता गंमत अशी, की त्या फुगलेल्या भागातूनच मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी एक छोटी फांदी निघते. नळी बसवताना ती बहुतेक वेळा बांधून टाकावी लागते. आमच्या सोसायटीत मुख्य पाइप बदलला तेव्हा मागच्या खोल्यांची लाइन अशीच बंद केली होती. मागचे लोक शेजारच्यांच्या नळावर भागवू लागले. पोटातही तसंच होतं, शेजारच्या वाहिन्या रक्त पुरवतात आणि नव्वद टक्के लोकांना पत्ताही लागत नाही. हा नव्वदचा आकडा माझा हं, पुस्तकातला नाही, बहुतेकांना एवढाच त्याचा अर्थ.

पण एखाद्याचे शेजारी चांगले नसतात. मग आतड्याचा तो तुकडा उपाशी राहतो. उपाशी आतडं काय करतं, तर आतलं अस्तर सोडायला लागतं आणि जे असेल ते बाहेर फेकतं. म्हणजे बाकीच्या पेशंटची आतडी अजून झोपलेली असायच्या दिवशी याला पातळ जुलाब होतो, कधी रक्ताचा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, पोट मोकळं झालं. आतून आतडं मरायला लागलेलं असतं. वेळेत कळलं तर वाचवता येतं. नाही कळलं तर ते फुटतं, विष अंगभर पसरतं. आमच्याकडे एक निवृत्त मास्तर असे गेले होते. मी तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होते, हकीकत नंतर ऐकली. त्यांच्या घरच्यांनी सत्यनारायण बोलला होता, पोट लवकर सुटलं म्हणून. मला तो बोललेला सत्यनारायण अजून अधूनमधून आठवतो आणि वाईट वाटतं.

आता आप्पांकडे येते.

आप्पा लिंबायतमधल्या एका लूमच्या खात्यात (यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात) मास्टर होते. म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारे. पारोळ्याकडून तरुणपणी आले ते इथलेच झाले. बारीक अंगाचे, कडक मिशीचे, आणि आवाज असा की लिफ्टपाशी उभं राहून बोलले तर खालच्या मेडिकलवाल्याला ऐकू जावं. जन्मभर लूमच्या खडखडाटात राहिलेल्या माणसांना हळू बोलता येत नाही. आप्पा "पाणी द्या" म्हणाले तरी शेजारच्या खोलीतला पेशंट उठून बसायचा. विड्यांचा मात्र त्यांनी धूर केला होता, आणि त्याचंच फळ म्हणून महाधमनी फुगली. आमच्या सरांनी पोट उघडून नळी बसवली. ऑपरेशन छान झालं. एक दिवस आयसीयूत ठेवून आप्पांना माझ्या देखरेखीखालच्या खोलीत आणलं. नाकात नळी, लघवीची पिशवी, हाताला ड्रिप, आणि उशाशी काकू.

काकूंनीही तरुणपणी खात्यावर बॉबिन भरण्याचं काम केलेलं. नवऱ्याच्या निम्म्या उंचीच्या, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही. मला पहिल्या दिवशी त्यांनी अमळनेरची म्हणून ओळखलं आणि लगेच माझ्या हातात कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा ठेवला, ड्युटीवर असताना. मी तो आडोशाला जाऊन खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राउंडची तयारी करत होते तर आप्पांचा मुलगा किरण काउंटरवर आला. हातात पेढ्यांचा पुडा. आयाबेनला पेढा, वॉर्डबॉयला पेढा, जो दिसेल त्याला पेढा.

"कसले पेढे रे?" मी विचारलं.

"सिस्टर, आप्पांचं पोट मोकळं झालं. आई म्हणाली, झाली एकदाची. ग्रुपवर पण टाकलं मी." त्यानं मोबाइल दाखवला. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘आप्पांचं पोट साफ, देवाची कृपा’ असा मजकूर, आणि लिंबायतपासून पारोळ्यापर्यंतच्या भाऊबंदांनी खाली हात जोडलेले. एका आत्याबाईंनी तर फुलांचा गुच्छ पाठवला होता.

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. या दिवशी आप्पांच्या पोटातून आवाजसुद्धा यायला नको होता.

"कशी झाली? पातळ का घट्ट? रंग कसा होता?"

किरण माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी त्याच्या वडिलांची अब्रू चव्हाट्यावर मांडायला निघाले. "ते... आईला माहीत," म्हणाला आणि पेढे घेऊन पुढच्या खोलीकडे पळाला.

मी तशीच आत गेले. दार ढकललं आणि बघते तर आप्पांनी ड्रिप नसलेला हात उचलून नाकाखाली मिशी पिळल्यासारखं बोट फिरवलं. काकूंनी तत्क्षणी पायाशी ठेवलेलं गाठोडं खाटेखाली सरकवलं आणि पदर सावरून भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. दोघांचे चेहरे असे निष्पाप की बस.

वाचकहो, ही खूण मला चांगली ठाऊक होती. खात्यावर मशिनी चालू असताना तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. धागा तुटला, मशीन बंद कर, चहा आला, सगळ्याला खुणा. आणि मिशी पिळली की शेठ आला, सगळे कामाला लागा. माझी आई पण बॉबिन भरायची, शाळा सुटली की मी तिच्याजवळ जाऊन बसायचे. आता शेठ म्हणजे मी, आणि खाटेखाली चोरीचा माल, एवढं कळायला मला वेळ लागला नाही.

मी काकूंजवळ गेले आणि अहिराणीत म्हटलं, "काकू, मनी माय बी बॉबिन भरे. माले समजस सगळं. काढा ते."

काकूंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी डोळे वटारले. काकू माझ्या कानाशी आल्या. "काय सांगू माय तुले, माले लाज वाटस. सकाळपासून तीन डाव झाली. पातळ. मी आयाबेनला बोलावलं नाही, मीच पुसलं, मीच धुतलं. जरासं रगत होतं. पण ते मूळव्याधीचं. यांना जुनी आहे. उभं राहून राहून होते ना, लूमवर. कोणाला माहीत नाही. पोराला पण नाही. आणि आता थोड्या वेळात व्याही येणारेत भेटायला."

म्हणजे गंमत बघा. जुलाबाचे पेढे वाटले गेले आणि रक्त खाटेखाली गेलं. चांगली निम्मी बातमी पारोळ्यापर्यंत पोहोचली आणि खरी निम्मी माझ्यापर्यंत आली नाही. कारण मूळव्याध. माणसाचं पोट फाडून आतली धमनी बदललेली चालते, सगळ्या गावाला टाके दाखवता येतात, पण मूळव्याध व्याह्यांना कळता कामा नये.

मी गाठोडं उघडलं. काकू तोंड फिरवून उभ्या राहिल्या. ते मूळव्याधीचं रक्त नव्हतं. मूळव्याधीचं लालभडक आणि वरवर दिसतं, हे काळपट, आतून मिसळलेलं होतं, आणि त्याला जो वास होता तो एकदा ओळखला की माणूस विसरत नाही. आप्पांच्या पोटाला डाव्या बाजूला खाली हात लावला तर त्यांचा पाय आपोआप आखडला. लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी. नाडी पळत होती.

"आप्पा, दुखतंय ना?"

"काही नाही," ते ओरडले. "गॅस शे."

मी सरांना फोन लावला. आमचे सर सुरती, मोठे सर्जन, पण फोनवर माझा आवाज ऐकला की लगेच विचारायचे, "सुमनबेन, शुं थयुं?" मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, दुर्बीण तयार ठेवा, येतो.

खालून आत घालून आतडं बघायची लवचीक दुर्बीण असते, ती खोलीतच करता येते. आप्पांना ती कुठून जाणार हे कळलं तेव्हा त्यांनी अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं की बायामाणसांनी बाहेर जावं. मी म्हटलं, आप्पा, बाहेर गेले तर दिवा कोण धरणार? मग त्यांनी टॉवेल मागितला. मला वाटलं लाजेपुरता हवा असेल, तर त्यांनी तो आपल्या तोंडावर टाकून घेतला. म्हणाले, "आता करा, मला कोणी ओळखणार नाही." सर पण हसले. पण पडद्यावर आतडं दिसायला लागलं तेव्हा हसू थांबलं. निरोगी आतडं आतून गुलाबी, ओलसर, चकचकीत दिसतं. आप्पांचं सुरुवातीला गुलाबीच होतं. पुढे सरकल्यावर एक पट्टा जांभळा, आणि त्याच्याही पुढे काळा पडलेला. सरांनी हळूच मान हलवली. नुसतं अस्तर खराब झालं असतं तर उपाशी ठेवून, औषधं देऊन वाट बघता आली असती. इथे आख्खी भिंत मेली होती.

सरांनी आप्पांच्या तोंडावरचा टॉवेल स्वतः काढला आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. तेवढा तुकडा आजच काढावा लागेल. लगेच जोडता येणार नाही, कारण आत जखम ताजी आहे. म्हणून वरचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावायची, शी त्या पिशवीत येईल. नाही केलं तर आतडं फुटेल, आणि मग हातात काही राहणार नाही.

आप्पा ऐकत होते. मग म्हणाले, "नाही."

"आप्पा, जिवाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"पोटावर शी घेऊन मी व्याह्यांच्या पंगतीला बसू? खात्यावर उभा राहू? वास आला की सगळे माझ्याकडे बघतील. त्यापेक्षा मेलेलं परवडलं. नाही म्हणजे नाही. सही करणार नाही." हे सगळं त्या आवाजात. बाहेर कॉरिडॉरमध्ये सगळ्यांनी ऐकलं असणार. माणूस शुद्धीत आहे, नको म्हणतो आहे, तर त्याला धरून बांधून कापता येत नाही. सर घड्याळाकडे बघत होते. मला आप्पांचा इतका राग आला की वाटलं दोन्ही खांद्यांना धरून हलवावं. समोर धडधडीत जिवंत माणूस, आणि मरायला तयार कशासाठी, तर पंगतीसाठी.

तेवढ्यात काकू दाराकडे गेल्या. मला वाटलं रडायला चालल्या. त्यांनी दार सताड उघडलं. बाहेर किरण होता, हातात उरलेले पेढे, आणि त्याच्याबरोबर नुकतेच आलेले व्याही नाना, किरणचे सासरे, धुतलेला पांढरा सदरा, हातात नारळपाणी.

"नाना, आत या," काकू म्हणाल्या. "तू पण ये रे."

आप्पांनी हात उचलून बोट नाकाखाली नेलं. शेठ आला, शेठ आला. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाना, यांना मूळव्याध आहे. लग्न झालं तेव्हापासून आहे. आज शौचातून रगत पडलं, मी लपवलं, ह्यांनी लपवायला लावलं. आता डॉक्टर म्हणतात आतडं काळं पडलं, कापायला पाहिजे. पोटावर पिशवी बसणार, तिच्यात शी येणार. मी ती रोज बदलणार, माझ्या हातानं. हे म्हणतात नानांच्या पंगतीला कसा बसू, त्यापेक्षा मरतो. तर तुम्ही आत्ता सांगा. यांच्या शेजारी जेवायला तुम्हाला लाज वाटेल का? वाटणार असेल तर तसं सांगा, म्हणजे मी माझं कुंकू पुसायच्या तयारीला लागते."

पदर डोक्यावर तसाच होता, आवाज चढला नव्हता. किरण भिंतीला टेकला. मी आजवर कितीतरी बायका दवाखान्यात रडताना, भांडताना पाहिल्यात. अशी पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

नानांनी हातातलं नारळपाणी खाली ठेवलं.  मग त्यांनी घसा खाकरला.

"आप्पा," ते म्हणाले, "मूळव्याध मला पण आहे. दोनदा कापली. दुसऱ्यांदा पोरांच्या लग्नाच्या आधीच्या महिन्यात. साखरपुड्याला मी बसलो नव्हतो, आठवतं? तुम्ही म्हणालात, मुलीचा बाप केवढा नम्र, उभाच आहे."

आप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. "मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुठे सांगितलं?"

 मग सर वळून खिडकीकडे तोंड करून हसू लागले, खांदे हलताना मला दिसत होते. आप्पांनी नळी घातलेलं नाक फेंदारलं. एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा नानांकडे.

"द्या तो कागद," ते गुरकावले. "कुठे करू सही?"

त्या दुपारी आप्पांना पुन्हा आत नेलं. सरांनी मेलेला तुकडा काढला, बाकीचं आतडं चांगलं गुलाबी होतं. पोटाच्या डाव्या बाजूला तोंड काढलं. पुढचे दिवस बरे गेले नाहीत. ताप आला, कृत्रिम श्वास द्यावा लागला, एकदा तर सरांनी किरणला बाजूला घेऊन मन घट्ट करायला सांगितलं. काकू आयसीयूच्या काचेबाहेर उभ्या राहायच्या आणि हातवारे करायच्या. आप्पा गुंगीत, त्यांना काही दिसत नव्हतं. मी म्हटलं, काकू, कोणाला सांगताय? त्या म्हणाल्या, "जाग आली तर कळलं पाहिजे ना, मी इथेच आहे म्हणून." मग आप्पा हळूहळू वर आले. श्वासाची नळी निघाल्यावर पहिला शब्द त्यांनी ओरडूनच उच्चारला, तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण त्या शब्दानं आयसीयूतल्या सगळ्या पोरींना बरं वाटलं.

पिशवी लावायला काकूंना मी शिकवलं. चामडी कशी पुसायची, माप कसं कापायचं, चिकटवताना हवा कशी राहू द्यायची नाही. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता. आप्पा छताकडे बघत पडून राहायचे. घरी गेल्यावर नानांच्या घरी मुद्दाम पंगत झाली म्हणे, आणि नाना आप्पांच्या शेजारी गादीवर उशी घेऊन बसले. दोघांनी आपापल्या दुखण्याबद्दल एवढी चर्चा केली की बायकांना सांगावं लागलं, जेवण होऊ द्या आधी. हे मला किरणनं सांगितलं.

काही महिन्यांनी आप्पा तपासणीला आले. माझी निवृत्ती जवळ आली होती, म्हणून सरांनी मलाही ओपीडीत बोलावलं. आप्पांनी विड्या सोडल्या होत्या, निदान काकूंसमोर तरी. वजन वाढलं होतं. सरांनी पोट तपासलं आणि म्हणाले, "आप्पा, हवे जोडी शकाय." म्हणजे आता आतडं परत जोडून पिशवी काढता येईल. पण पुन्हा पोट उघडावं लागेल, आत ती बसवलेली नळी आहे, तिला संसर्गाचा धोका आहे, तेव्हा करायलाच पाहिजे असंही नाही. तुम्ही ठरवा.

मला वाटलं आप्पा टुणकन उठून हो म्हणतील. त्यांनी तोंड उघडलंही. पण काकूच आधी बोलल्या.

"नको."

"धोक्याची भीती वाटते का, मावशी?" सरांनी विचारलं.

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्याकडे वळून बोलू लागल्या, डॉक्टरांना तू सांग म्हणून. "यांची जन्मभर दिवसपाळी, माझी घरची पाळी. हे घरी आले की दमून झोपणार नाहीतर बाहेर जाऊन विडी ओढणार. मी काही सांगायला गेले की हे म्हणणार, नंतर. चाळीस वर्षं सगळं नंतरच राहिलं. आता सकाळी पिशवी बदलते तेव्हा यांना उताणं पडून राहावं लागतं. उठता येत नाही, जाता येत नाही. तेवढा वेळ मी बोलते. हे ऐकतात. सायबांना सांग, जोडून दिलं की हे दुसऱ्या दिवशी उठून चालू पडतील."

मी ते सरांना गुजरातीत सांगितलं. सांगताना मला हसू आलं. सरांनी पेन खाली ठेवलं आणि आप्पांना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे, पोट तुमचं आहे.

आप्पांनी सदऱ्याची बटणं लावली.  मग म्हणाले, "असू द्या डॉक्टर. हिचं अजून बरंच सांगायचं राहिलंय."